बिनखिळ्याचं लाकूड

१२ डिसेंबर. सकाळी गार वारा, नंतर लख्ख ऊन.

आजची गंमत ऐका. बायकोच्या इकेबाना वर्गाचं, म्हणजे जपानी पुष्परचनेचं, भाईंदर पश्चिमेला प्रदर्शन होतं. पालीच्या किनाऱ्यावर मिळालेली दोन लाकडं एकमेकांत अडकवून तिनं शिल्प केलं होतं. वर्गाच्या बाईंची अट एकच: खिळा नाही, आधार नाही. पडलं तर मांडायचं नाही.

हॉलमध्ये तिनं हात सैल केला की शिल्प कलायचं. तेवढ्यात बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

मी कुजबुजलो, "अगं, मागून एक खिळा ठोकू. कोणाला कळतंय?"

"मला कळेल ना! पाण्याची बाटली द्या इकडे."

"आत्ता तहान लागली?"

"मला नाही हो, फुलाला."

लाकडाच्या मागच्या पोकळीत तिनं काचेची नळी लपवली होती, त्यात शेवंतीचं एक फूल. नळीत ती हळूहळू पाणी सोडू लागली. नळी भरत गेली, तसं शिल्प सरळ होत गेलं. मग तिनं हात काढून घेतला. शिल्प जागचं हललं नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पाण्याचं वजन धरूनच तोललंय," ती म्हणाली.

संध्याकाळी आवरताना तिनं नळी रिकामी केली. शिल्प आडवं झालं.