कोल्हापूरच्या नंबरप्लेटचा क्लेम

तुम्हाला सांगतो, विमा कंपनीच्या माणसाइतका चौकस प्राणी मी दुसरा पाहिला नाही. हायवेवर आमच्यासकट पाच गाड्या एकमेकींवर आदळल्या, त्या क्लेमच्या चौकशीला घोषबाबू इथे बंगाली मुलखात आमच्या बागबाजारच्या घरी आले. चहा घेतला, संदेश मिठाई खाल्ली आणि हिच्या प्लॅस्टरकडे बघत म्हणाले, "बाकी सगळ्यांच्या माना लचकल्या. बौदी, अहो वहिनी, तुमचा एकटीचा हातच कसा मोडला?"

मी घाईने म्हणालो, "आपटला असेल कुठेतरी."

"आणखी एक कोडं आहे. सगळ्यात पुढच्या गाडीवाल्यानं मोकळ्या रस्त्यावर ब्रेक का मारला? तो म्हणतो, मागच्या गाडीतली एक बाई खिडकीतून हात काढून जोरजोरात हलवत होती. त्याला वाटलं, आपलं चाकच निखळलंय."

मी हिला डोळ्यांनी गप्प बस म्हणून खुणावत होतो, नाहीतर क्लेम गेलाच. पण ही एकदम खुलली. "अहो, मीच ती! नंबरप्लेट बघितली, एमएच झिरो नाइन! माझ्या माहेरची, कोल्हापूरची गाडी! हात नको करायला? तो आत घ्यायच्या आधीच आम्ही धडकलो. बरं, कोल्हापुरात कुठे राहतात हो ते?"

घोषबाबूंनी कागद चाळले. "ते इथलेच, जवळच्या बजबजचे आहेत. गाडी सेकंडहँड घेतलीय."

हात मोडला तेव्हासुद्धा हिचा चेहरा इतका पडला नव्हता. म्हणाली, "म्हणजे माझा हात फुकटच मोडला की हो!"