इसरूभाऊंची आजारी गाय

नाही, पण हे माझ्या प्रबंधात बसवायचं कुठं, ते सांगा ना! मार्गदर्शक विचारतात, 'पुरावा?' अहो, अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात, आलापल्लीला, इसरूभाऊंच्या आई नीलाबाई परसात बिडीच्या तेंदूपानांचे पुडे बांधत होत्या, मी शेजारी बसून ते चुकीचे बांधत होतो, आणि तेव्हा त्यांच्या तोंडून हे ऐकलं... पदरचं सांगत नाही!

तर त्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट. इसरूभाऊंची बायको सोमारी बाळंत झाली, मुलगी झाली, आणि महिन्याभरात थानात गाठ आली. लाल, दगडासारखी, वर ताप! घरच्यांनी काय करावं? छाती फडक्यानं करकचून बांधली आणि पोरीचं पाजणंच बंद केलं. दूध आत तुंबलं, गाठ पिकली, पोर भुकेनं रडून घसा बसवते आहे... आणि बाईच्या अंगाचं परक्या पुरुषापुढं बोलायचं नाही, ही त्या घराची रीत! मग औषध मागायचं कसं?

इसरूभाऊ गेले अहेरीच्या बाजारात. तिथे ढोरांचे डॉक्टर बसत. म्हणाले, "डाक्टरसाहेब, गायचं थान पिकलं जी."

"वासरू पितंय?"

"नाई जी, बंद केलं."

"बंद कशाला केलं? दूध काढत राहायचं! खाते का काही?"

"पेज पेते थोडी."

"गाय? पेज?... बरं, मारकुटी आहे का? मला हात लावावा लागेल."

"मारत नाई जी, पन बोलते लय."

तुम्हाला सांगतो, डॉक्टरांनी हातातली पिचकारी खाली ठेवली. पदरचं सांगत नाही!

"काय बोलते?"

"म्हंते, मी मेली तं पोरीले कोन पाजन?"

डॉक्टर असे ओरडले, असे ओरडले, की बाजूच्या म्हशी दावं तोडून निघाल्या! "अरे, इथी काऊन आला तू? बाईले घेऊन ये!" आणि स्वतः जंगलखात्याच्या सागवानाच्या ट्रकवाल्याला गाठून, सोमारीबाई आल्या तशा त्यांना, पोरीला आणि नीलाबाईंना त्याच्याशेजारी बसवून चांद्याच्या दवाखान्यात धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चीर दिली, वाटीभर पू काढला, जखमेत पट्टी भरली, पेनिसिलिनच्या सुया टोचल्या, आणि नीलाबाईंना झापलं, "चांगल्या बाजूनं पाजा, दुखऱ्या बाजूचं दूध काढून टाका, आणि ते फडकं आधी सोडा!" पोर त्याच दिवशी प्यायली. मी पाहिली तेव्हा ती माझी चष्म्याची डबी घेऊन पळत होती... अजून दिलेली नाही. आता नागपुरात ग्रंथालयाच्या पंख्याखाली बसलो की ते परसच आठवतं. तेंदूपानांचा वास आणि नीलाबाईंचं "बाबू, तुले नाई जमत, राहू दे."

सगळं पडताळलं. ट्रकवाला भेटला, डॉक्टरीणबाईंनी होकार दिला, सोमारीबाईंनी तर मागे लागून सांगितलं. एकच गोष्ट राहिली. नीलाबाई म्हणतात, इसरू त्या दिवशी भर बाजारात ढसाढसा रडला. इसरूभाऊ म्हणतात, "हाट! बाजूले मिरचीवाली बसली होती." आता अहेरीच्या बाजारात मिरचीवाल्या बसतात, हे मी जाऊन पाहून आलो. पण त्या दिवशी, त्या जागी, वारा कुठल्या बाजूनं होता... ते कोण लिहून देणार मला?