ऑर्व्हिलच्या रायफलचा ठोकळा

जबाब
दिनांक १५/१०/२०१९, सकाळी १०.२० वाजता

मी, व्हर्ना ऑर्व्हिल डिट्झेल, वय ७१ वर्षे, व्यवसाय निवृत्त स्कूल बस चालक, राहणार मिल रोड, ब्रांट्सविल, विस्कॉन्सिन. कोणी बोलावले नसताना आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून अंमलदार श्री. कोवाल्के यांच्यासमोर सांगते की,

मी वरील पत्त्यावर माझे पती ऑर्व्हिल, वय ७८, यांच्यासह राहते. आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षे झाली. ऑर्व्हिल गावच्या जर्मन नेमबाजी मंडळाचा सभासद आहे. त्याची रायफल त्याच्या आजोबांची, एका वेळी एकच गोळी घेणारी आहे. तिच्या नळीचे मागचे तोंड एका पोलादी ठोकळ्याने बंद होते. त्या ठोकळ्याशिवाय ती रायफल म्हणजे नुसता लोखंडी पाइप आहे. दिनांक १२/१० रोजी ऑर्व्हिलने याच ठाण्यात तक्रार दिली की, सदर ठोकळा चोरीला गेला असून त्याच मंडळाचे सभासद रूबेन मास, वय ७६, यांच्यावर संशय आहे.

रूबेन मास यांनी ठोकळा घेतलेला नाही. तो मी घेतला.

असे का केले, अशी विचारणा झाल्यावरून सांगते की, या नेमबाजीत तयार काडतुसे घरून नेत नाहीत. माणूस मैदानावर टेबलाशी बसतो आणि एकच पितळी पुंगळी दिवसभर पुन्हापुन्हा भरतो. पुंगळीच्या बुडाची उडालेली स्फोटक टोपी काढायची, नवी बसवायची, मग पुंगळी दारूच्या मापाखाली धरून मापाची मूठ एकदा फिरवायची. शिशाची गोळी पुंगळीत बसवत नाहीत. ती वेगळ्या हत्याराने मागून नळीत दाबतात, भरलेली पुंगळी तिच्या मागे ठेवतात आणि ठोकळा बंद करतात. मूठ एकदाच फिरवायची असते. दोनदा फिरवली तरी पुंगळीत जागा उरते, वरून काही कळत नाही, आणि रायफल तोंडावर फुटू शकते.

लग्न झाल्यापासून ऑर्व्हिलच्या गोळ्या मी ओतते. शिसे मी वितळवते, साचा मी धरते. पुंगळीला मात्र त्याने मला कधी हात लावू दिला नाही. कोणालाच नाही.

दिनांक १८/०८ रोजी, रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास मी त्याच्या मागे खुर्चीवर दुर्बीण घेऊन बसले होते. ऑर्व्हिलने मूठ फिरवली, दारू पुंगळीत पडली. तेवढ्यात जेवणाच्या कुपनांसाठी कोणी विचारायला आले. त्यांच्याशी बोलून झाल्यावर त्याने तीच पुंगळी पुन्हा मापाखाली धरली आणि मूठ पुन्हा फिरवली. मी उठले आणि कोपर लागल्यासारखे करून पुंगळी पाडली. दारू टेबलभर सांडली.

"अगं, डोळे कुठे आहेत तुझे?" ऑर्व्हिल म्हणाला.

"तुझ्याकडेच," मी म्हणाले.

त्यानंतर मी दुर्बीण घरी ठेवून निशाणाऐवजी त्याच्या हातांकडे बघू लागले.

दिनांक २२/०९ रोजी तो दारू घालायलाच विसरला. नुसती टोपी फुटली आणि गोळी नळीतच राहिली. शेजारच्या टेबलावरून रूबेन म्हणाला, "ऑर्व्हिल, तुझ्या बंदुकीला सर्दी झाली बघ, शिंकली!" सगळे हसले, ऑर्व्हिलही हसला. रूबेनने स्वतः गज घालून गोळी काढून दिली. परतताना गाडी मी चालवली. ऑर्व्हिल रस्त्यावर नेहमी रेडिओवर फुटबॉलचा सामना लावतो. त्या दिवशी लावला नाही.

याशिवाय जुलैमध्ये तो चर्चच्या तळघरात खुर्च्या लावायला गाडी घेऊन गेला आणि चालत घरी आला. गाडी कुठे आहे विचारल्यावर म्हणाला, "कोणती?" डॉक्टरकडे जाण्याचा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा तो शेडमध्ये जाऊन बसला. तिसऱ्यांदा मी काढला नाही.

रविवार दिनांक १३/१० रोजी मंडळाची वर्षातली शेवटची स्पर्धा होती. ती जिंकणारा वर्षभर मंडळाचा राजा असतो. ऑर्व्हिल आजवर दोनदा राजा झाला आहे. त्या दिवशी जेवणाची वाढणी माझ्याकडे आली होती, त्यामुळे मला त्याच्या मागे बसता येणार नव्हते. जाऊ नकोस म्हणण्याचे धाडस मला झाले नाही. गुरुवार दिनांक १०/१० रोजी दुपारी दोन वाजता तो केस कापायला गेला असता मी तळघरातले कपाट उघडले, रायफलची खीळ काढली आणि ठोकळा व त्याचा दांडा बाहेर घेतला. चार मिनिटे लागली. एप्रनमध्ये गुंडाळून तो मी शिलाई यंत्राच्या झाकणाखाली ठेवला.

माझा विचार असा होता की, रविवार निघून जाईल. ठोकळा नाही म्हटल्यावर ऑर्व्हिल कोणावर संशय घेईल, हे माझ्या डोक्यात आले नाही. यायला हवे होते. शुक्रवारी रूबेन शिसे ढवळायची पळी परत द्यायला आला होता. ऑर्व्हिल चष्मा शोधायला वर गेला तेव्हा रूबेन दहा मिनिटे तळघरात एकटाच होता. चष्मा मला संध्याकाळी फ्रिजमध्ये सापडला.

शनिवारी सकाळी मी चर्चच्या स्वयंपाकघरात ॲपल पाय भाजत असताना ऑर्व्हिलने कपाट उघडले आणि तो थेट या ठाण्यात आला. मला दुपारी एक वाजता रूबेनचा फोन आला. तो म्हणाला, "व्हर्ना, माझ्या दारात पोलिसांची गाडी उभी आहे. शेजारीण पडदा बाजूला करून बघतेय. गेल्या दहा वर्षांत एवढा रस कोणत्याच बाईने घेतला नव्हता माझ्यात."

त्याने आपले गॅरेज स्वतः उघडून झडती देऊ केली, हे अंमलदार साहेबांना माहीत आहे, कारण ते स्वतः तेथे होते. संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षांनी रूबेनला कळवले की, खुलासा होईपर्यंत त्याने स्पर्धेत उतरू नये. त्या वेळी मी बोलायला हवे होते. मी बोलले नाही. ही माझी चूक आहे व ती तशीच लिहावी.

रूबेनची बायको मार्लिस जाऊन अकरा वर्षे झाली. तेव्हापासून तो दर रविवारी आमच्याकडे जेवतो. मैदानावर कार्यक्रम असला तर आम्ही तिघे तिथे एका टेबलावर बसतो. या रविवारी आमच्यापैकी कोणीच मैदानावर गेले नाही. वाढणीला येत नसल्याचे मी सकाळीच कळवले होते. बारा वाजता रूबेन नेहमीप्रमाणे आमच्या दारात आला. ऑर्व्हिल टेबलावरून उठला नाही. तो मोठ्याने म्हणाला, "चोराला माझ्या टेबलावर जागा नाही."

जाळीच्या दारापलीकडून रूबेन म्हणाला, "बरं. मग माझं ताट बाहेर दे, पायरीवर बसून खातो. रविवारी मला दुसरं कोण जेवायला घालणार?"

मी डुकराचे मांस, बटाटे आणि आंबवलेला कोबी वाढून ताट बाहेर दिले. थंडी होती. तो टोपी न काढता, ताट गुडघ्यावर ठेवून जेवू लागला. मला त्याची पाठ दिसत होती. त्याने कोट घातला होता आणि कोटाच्या मागचे बटण सुटून लोंबत होते. मार्लिस असती तर तिने त्याला तसा घराबाहेर पडू दिला नसता.

मी शिलाईच्या खोलीत गेले, ठोकळा आणला आणि ऑर्व्हिलच्या ताटाशेजारी ठेवला.

"कुठे सापडला?" त्याने विचारले.

"सापडला नाही. मीच काढला होता."

"तू?"

"मी. गुरुवारी, तू केस कापायला गेला होतास तेव्हा."

तो ठोकळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "का गं?"

मी त्याला सगळे सांगितले. मापाची मूठ, गोळी अडकलेला दिवस, गाडी. फार वेळ लागला नाही.

"म्हणजे दोनदा दारू घातली मी? एकदाच ना?"

"अकरा वेळा, ऑर्व्हिल."

"अकरा वेळा तू माझी पुंगळी सांडलीस?"

"पाच वेळा पुंगळी. चार वेळा कॉफी. दोन वेळा मला चक्कर आली."

"तरीच," तो म्हणाला. "मी म्हणायचो, ही बाई म्हातारपणी एवढी धांदरट कशी झाली."

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "हे रूबेनला सांगू नकोस."

"चौदा वेळा!" पायरीवरून रूबेनचा आवाज आला. "अकरा नाही, चौदा. मी जूनपासून मोजतोय. तीन वेळा व्हर्ना जागेवर नव्हती, तेव्हा मी पाडली. तू मला आंधळा रेडा म्हणालास."

ऑर्व्हिल उठून दारापाशी गेला. "आणि हा ठोकळा? हे पण ठाऊक होतं तुला?"

"त्या कपाटाची किल्ली कुठे असते ते आपल्या तिघांनाच माहीत. मी घेतला नाही. तू तक्रार करत फिरतोयस. मग उरलं कोण?"

"मग पोलिसांना सांगितलं का नाहीस, गाढवा? तुझं गॅरेज उपसलं त्यांनी!"

"जन्मात पहिल्यांदा चोरी केलीय तुझ्या बायकोने," रूबेन म्हणाला. "म्हटलं, नीट होऊ दे."

ऑर्व्हिलने दाराची कडी काढली. नंतर त्याने आपले ताट उचलले, बाहेर जाऊन रूबेनच्या शेजारी पायरीवर बसला आणि जेवू लागला. ते काय बोलले ते मला ऐकू आले नाही. मी आत भांडी घासत होते. भांडी फारशी नव्हती. मी ती पुन्हा घासली.

सोमवारी सकाळी नऊ वाजता ऑर्व्हिलने स्वतः डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून दिनांक २४/१० ची वेळ घेतली. तारीख लिहून घ्यायला त्याने मला सांगितले. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "व्हर्ना, तू ज्या दिवशी बस म्हणशील त्या दिवशी मी बंदूक खाली ठेवीन. पण ते तू म्हणायचं. डॉक्टरने नाही." मी हो म्हणाले.

त्याच दिवशी दुपारी आम्ही तिघे मैदानावर गेलो. तेथील फाटकाची किल्ली रूबेनकडे असते, कारण गवत तोच कापतो. दुसरे कोणी नव्हते. ऑर्व्हिल टेबलाशी बसला. मी त्याच्या उजवीकडे बसून टोपी बदलली, पुंगळी मापाखाली धरली आणि मूठ एकदा फिरवली. पलीकडून रूबेन मोठ्याने "एक" म्हणाला. गोळी ऑर्व्हिलने स्वतः नळीत दाबली. त्यात त्याचा हात अजून कोणाहून कमी नाही. मग त्याने माझ्याकडे न बघता तळहात पुढे केला आणि मी त्यावर पुंगळी ठेवली.

असे दहा वेळा झाले. दोनशे यार्डांवर दहा गोळ्यांत अडीचशेपैकी दोनशे एकतीस गुण. यापेक्षा चांगले त्याने पुष्कळदा केले आहे, पण निशाणाचा कागद काढून आणायला तो स्वतः चालत गेला आणि परत येताना दोनदा थांबून त्याने तो उलगडून पाहिला.

सदर ठोकळा सध्या कोणाच्या ताब्यात आहे असे विचारल्यावरून सांगते की, तो रूबेन मास यांच्या गॅरेजमध्ये कुलपात आहे. सोमवारी संध्याकाळी ऑर्व्हिलने तो आपल्या हाताने त्यांना नेऊन दिला. रायफल आमच्या घरी राहील, ठोकळा त्यांच्याकडे, आणि दोन्ही एकत्र फक्त रविवारी येतील, असे तिघांत ठरले आहे. ऑर्व्हिल आपली तक्रार आज मागे घेत आहे. मंडळाच्या अध्यक्षांना तो स्वतः भेटून आला असून रूबेनची माफी त्याने त्यांच्यासमोर मागितली. रूबेनने माफ केले, पण पुढचे चार रविवार ॲपल पाय आपल्यालाच पहिला कापून मिळावा अशी अट घातली. ती मी मान्य केली आहे.

माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. माझी त्याबद्दल तक्रार नाही. रूबेन मास यांचे नाव मात्र कोणत्याही कागदावर संशयित म्हणून राहू नये, एवढीच विनंती आहे.

बाहेर बाकावर सध्या जो आरडाओरडा चालू आहे तो माझे पती आणि रूबेन मास यांचा आहे. शिशात कथील किती घालावे यावरून त्यांचे १९८३ पासून मतभेद आहेत. तो तंटा नाही, त्याची नोंद घेऊ नये.

मी सांगितले तेच वर लिहिले आहे. अंमलदार साहेबांनी ते मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवले, मी ते चष्मा लावून स्वतःही वाचले आणि ते खरे व बरोबर आहे म्हणून खाली सही करते.

व्हर्ना डिट्झेल

समक्ष:
ब्रायन कोवाल्के, अंमलदार