यंत्रात बिघाड नाही

नाही नाही, परत एकदा बघा ना, माझ्यासाठी म्हणून. माइक तपासलात, ठीक. पण यंत्रात आतून काही बिघडलं असेल की. पडद्यावर कधी न पाहिलेली स्वरलिपी येते, मुलांनी ती बघून लगेच गायची, सूर लागला की रेघ हिरवी, चुकला की लाल, शेवटी गुण — सगळ्यांचं व्यवस्थित झालं हो. एकाच मुलीच्या वेळी रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत लाल. कोण मुलगी? आहे एक — माझी भाची. आमच्या ताईची ठमी. आता तुम्हाला वाटेल, बाई भाचीसाठी धडपडतायत. तसं नाहीये, उलटंच आहे. म्हणजे — बसा ना दोन मिनिटं.

त्याचं काय झालं, शाळेच्या गायनवृंदाची निवड मी करणार म्हटल्यावर शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली — मावशीच परीक्षक, मग काय, भाचीची चांदी. मी दारातच होते. लागलं मनाला. हे गोल बटण आहे ना — सूर किती इकडेतिकडे झाला तर चालवून घ्यायचा, ते ठरवायचं. तुम्हीच दाखवलं होतंत मला — ते सगळ्या मुलांना मध्यावर होतं. ठमी आत आली आणि मी ते जरासं — जरासं कसलं, पार कडक टोकाला नेलं, केसभर चूकही चालणार नाही असं. म्हटलं, एवढ्यातूनही पोरगी पास झाली तर कुणाची बोलायची छाती नाही. होईल असंच वाटलं होतं हो, तिचा गळा मला माहितीये. पण या टोकाला मी तरी पास झाले असते का? काल गाऊन बघितलं. नाही झाले.

पहिल्याच ओळीला रेघ लाल झाली, पोर बावरली, मग खरंच चुकायला लागली. तिथेच थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, बाईंनी भाचीलाही सोडलं नाही — आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला ते ऐकून. लाज वाटते आता, पण तेव्हा बरं वाटलं.

ताईकडे गेले तर ठमी विचारते कशी, "मावशी, मी बेसूर आहे का गं?" आणि मी म्हटलं, "यंत्र खोटं बोलत नाही, बाळा." तेव्हापासून तिचं गाणं बंद. वेणी घालून घेताना गुणगुणायची, तेही बंद. ताई म्हणते, घर कसं सुनं झालंय.

म्हणून तुम्हाला बोलावलं. ताई तिला घेऊन बाहेर बाकावर बसलीये. यंत्र बिघडलं होतं असं तुम्ही सांगितलंत, की परीक्षा परत घेता येते, आणि कुणाला काही कळायचं — असं बघू नका हो माझ्याकडे. तुमचं काय जातंय, एका वाक्याचं तर —

राहू द्या. गुंडाळा त्या वायरी. बाहेर काही बोलू नका, यंत्र उत्तम आहे आणि बटण कुणी फिरवलं, हे मीच सांगते. ठमीला आत पाठवा — ताईलाही. निघा आता तुम्ही.