पार्किंगमधला पॉइंट

सातपूरला लाइटबिलाची रांग एवढी लांब, की शेवटचा माणूस मालेगावात उभा होता! माझ्यापुढे एक घरमालक, भाडेकरूला शेवटचं बिल भरायला घेऊन आलेला.

"चिमाजीकाका, गाडी चार्ज करायचा पॉइंट मी बसवला. सोसायटीच्या परवानगीसाठी वर्षभर मीच चेअरमनच्या पाया पडलो."

"पडलास ना, जीवन. नाही कोण म्हणतंय?"

"तेव्हा तुम्ही म्हणायचात, हे खेळणं कशाला घेतलंस."

"म्हणालो असेन. पण दसऱ्याला त्या खेळण्याला हार कोणी घातला?"

"मग आता घर का खाली करायला लावताय?"

"अरे, नवीन भाडेकरूची पण बॅटरीवाली गाडी आहे. पॉइंट बघूनच भाडं वाढवून द्यायला तयार झाला."

"दुसरीकडे कोणी पॉइंट लावू देत नाही, काका. गाडी विकावी लागेल मला."

"वाईट वाटतं रे."

"मग मी माझा पॉइंट उपटून नेतो."

"ने की. पण भिंत सोसायटीची. काढायला पण परवानगी लागेल. चेअरमनचे पाय तुला माहितीच आहेत."