पारसशेठ पीत नव्हते

मंडळी, पारसशेठच्या शोकसभेला तुम्ही सगळे भर उन्हातून आलात, दुकानं बंद ठेवून आलात. पारसशेठच्या घरच्यांच्या वतीनं मी हात जोडतो. विमलभाभी समोर आहेत, त्यांची लेक पूजा आहे. पूजाच्या होणाऱ्या सासरची मंडळी अंबडहून आलीत. गावाला माझी ओळख आहे, पाहुण्यांसाठी सांगतो. मी इथल्या शाळेतला पीटीचा मास्तर. तीस वर्षं मैदानावर शिट्टी वाजवली. मला शिट्टी येते, भाषण येत न्हाई. दोनदा कागदावर लिहून काढलं आणि दोन्ही कागद फाडले.

माझ्या आधी चौघं बोलले. चांगलं बोलले. पारसशेठ कापड मापून झालं की वर चार बोटं सोडून मंगच कात्री लावायचे, हे सांगितलं. उन्हाळ्यात पाणपोई चालवायचे, हे सांगितलं. पण बोलता बोलता प्रत्येक जण एका जागी अडखळला आणि वळसा घालून पुढं गेला. ती जागा तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. मी आज त्या जागीच उभा राहणारंय. पूजानं सांगितलंय म्हणून.

मंडळी, पारसशेठ पीत नव्हते.

पुन्हा सांगतो. पीत नव्हते. एक थेंब न्हाई. जन्मभर कांदा-लसूण न खाल्लेला माणूस, दिवस मावळला की ताटावर न बसणारा माणूस. त्याला आपण तीन वर्षं दारुडा म्हणलो. मी धरून सगळे.

त्यांचा पाय वाकडा पडायचा, हे खरंय. बोलता बोलता जीभ जड व्हायची, खरंय. दुपारी जास्त व्हायचं. आपण काय समजलो? मीबी तेच समजलो. एकदा गिऱ्हाईक नसताना त्यांना समजवायला दुकानात गेल्तो. शेठ, पोरगी लग्नाची झाली, आता तरी सोडा, असं बरंच काय काय बोललो. मास्तर माणूस, बोलायला लागलो की थांबत न्हाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मंग शटर अर्धं खाली ओढलं, गादीखालून एक फाईल काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

हैदराबादच्या दवाखान्याची फाईल होती. त्यात आजाराचं नाव होतं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. मेंदूत, पाठीच्या कण्यात ज्या नसा असतात, त्यांच्यावरचं आवरण जागोजागी खराब होतं. डॉक्टरांनी त्यांना सोपं करून सांगितलं होतं. वायरीवरचं प्लास्टिक सोललं की करंट बराबर पोचत न्हाई, तसं. पायाला एक सांगावं, पाय दुसरंच करतो. अंगातली ताकद काढून घेतल्यासारखा थकवा येतो. आणि ऊन लागून अंग तापलं की सगळंच वाढतं. असा आजार, आणि आपल्या जालन्याचं ऊन.

मी म्हणलं, शेठ, मंग लोकांना सांगत का न्हाई?

ते म्हणले, "सर, बाप पितो म्हणलं तर सोयरे नाक मुरडतात, पण बसतात. बापाला असला आजार आहे म्हणलं की चहा तसाच ठेवून उठतात."

बापाला झाला म्हणून लेकीला होईलच असं बिलकुल न्हाई, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. पण सोयऱ्यांच्या बैठकीत डॉक्टरला कोण घेऊन जाणार? त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. पूजाचं लग्न होईपर्यंत कुणाला सांगायचं न्हाई. आणि कुणी दारूचं विचारलंच, तर हो म्हणायचं.

हैदराबादलाच एका बाईंनी त्यांना एक व्यायाम शिकवला होता. चिनी लोकांचा, फार जुना. ताई ची म्हणतात. त्याला समोर एक माणूस लागत होता, आणि मी पीटीचा मास्तर. मंग आमचं ठरलं. सकाळी साडेपाचला, दुकानाच्या माडीवर, कापडाच्या गठ्ठ्यांमधी.

पहिल्या दिवशी खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. मला व्यायाम म्हणजे घाम माहीत. ह्यात माणूस गुडघे जरासे मोडून उभा राहतो. एका पायावर सगळा भार घेतो. दुसरा पाय रिकामा झाला की तो उचलून हळू पुढं ठेवतो, आधी टाच, मंग पाऊल. मंग भार तिकडं नेतो. हात असे जातात, समोरचे ढग बाजूला सारावेत तसे. एक पाऊल टाकायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात माझी पोरं मैदानाला अर्धा चक्कर मारतात. तिसऱ्या दिवशी माझ्याच मांड्या भरून आल्या आणि हसू गेलं.

त्यानं आजार जात न्हाई. त्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, औषध चालू ठेवा, ह्या व्यायामानं तोल सांभाळायला मदत होईल, पडणं कमी होईल, जीव जरा शांत राहील. झालंही तसंच. पाऊल कुठं टाकायचं ते कळावं म्हणून मी फरशीवर खडूनं पावलं काढून दिली होती, दारापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत. मनगटाला मनगट लावून मी उलटा चालायचो, ते सुलटे. मी तालमीतला माणूस. हाताला हात लागला की माझी बोटं आपोआप मिटतात. ते म्हणायचे, "सर, पकडू नका. नुसतं लागून राहा." हे शिकायला मला दोन महिने लागले.

आणि हे सगळं कशासाठी, सांगू? पूजाच्या साखरपुड्यात मांडवाच्या दारापासून व्याह्यांपर्यंत त्यांना काठी न घेता चालत जायचं होतं. जाऊन गळाभेट घ्यायची होती. तेवढ्यासाठी आम्ही आठ महिने चाललो. आणि ते चालले, मंडळी. अंबडच्या कार्यालयात तुम्ही बऱ्याच जणांनी बघितलंय. किती हळू, किती सरळ. मी भिंतीला टेकून उभा होतो, माझे डोळे भरून आल्ते. तेवढ्यात कुणीतरी माझ्या कानाशी म्हणलं, आज बेताचीच घेतलीय वाटतं.

आता माझं सांगतो.

स्टँडजवळच्या हॉटेलावर मी रोज चहाला बसतो. एका सकाळी तिथं विषय निघाला. पीटी सर, तुमचे शेठ सकाळी सकाळीच टाकून येतात काय? मला हो म्हणायचं होतं, शब्द दिला होता. मी म्हणलं, घेतो थोडी, माणूस आहे. आणि मी हसलो. सगळे हसले म्हणून हसलो. नंतर दोन-चार वेळा मीच तो विषय काढला. बसल्या बसल्या गंमत होती तेवढी. मंडळी, पारसशेठनी मला हो म्हणायला सांगितलं होतं. हसायला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मी गावात नव्हतो. टेंभुर्णीला आमच्या घरचं लग्न होतं, तिकडं गेल्तो. दुपारी लाइट गेली. दुकानातला कूलर बंद पडला. पारसशेठना अंग तापलेलं कळलं असणार, म्हणून ते घराकडं निघाले. घर काय लांबंय? पण स्टँडजवळ पाय थांबले. ते दोन दुकानांच्या मधी खाली बसले, मंग कलंडले. तिथं सावली न्हाई. पाऊण तास ते तिथं पडून होते. पाऊण तास, आपल्या गावात, जिथं कुत्रं मेलं तरी चार माणसं जमतात. विमलभाभी शोधत आल्या तेव्हा कुठं त्यांना उचललं. दवाखान्यापर्यंत पोचले न्हाईत.

मी संध्याकाळी आलो आणि सरळ हॉटेलावर गेलो. ओरडलो. डोळ्यांसमोर माणूस पडला, उचलला का न्हाई, म्हणून ओरडलो. हॉटेलवाला, मी नाव घेत न्हाई, तो इथंच बसलाय आणि त्याच्या एकट्याचा हा गुन्हा न्हाई, तो हळू आवाजात म्हणला, "सर, तुम्हीच म्हणला होता ना, घेतो म्हणून. आम्ही म्हणलं, उतरली की उठंल."

त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या मागं मागं चालून राह्यलंय. मी शाळेत गेलो तरी आहे. जेवायला बसलो तरी आहे. सकाळी साडेपाचला जाग येते, आणि खरं सांगतो, माझ्या मनगटावर वजन येतं. थंड, हलकं, रोज यायचं तेवढंच. मी हात हलवत न्हाई. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. काय दाखवू? परवा पूजाकडून किल्ली घेऊन माडीवर गेल्तो. फरशीवरची पावलं तशीच आहेत. दारापासून भिंतीपर्यंत एक माणूस चालत गेलाय आणि परत आलेला न्हाई, असं ते दिसतं. मी तिथं उभा राहू शकलो न्हाई.

मागच्या सोमवारी अंबडच्या स्टँडवर एक माणूस पडलेला दिसला. मी धावत गेलो, वाकलो, त्याच्या तोंडाचा वास घेतला. खरंच प्यालेला होता. तरी त्याला सावलीत ओढलं, डोक्यावर पाणी मारलं. एवढंच करायचं होतं, मंडळी. वाकून वास घ्यायचा होता. पाऊण तासात किती माणसं तिथनं गेली असतील, आणि वाकलं कोण?

मी शब्द मोडून राह्यलो. पारसशेठ असते तर त्यांनी मला मोडू दिला नसता. पण पूजा माझ्या घरी आल्ती. मी तिला म्हणलं, बाळा, तुझं लग्न महिन्यावर आलंय, आता सांगितलं तर काय होईल सांगता येत न्हाई. ती म्हणली, "सर, मोडायचं असंल तर मोडू द्या. दारुड्याची लेक म्हणून मला त्या घरात जायचं न्हाई."

अंबडच्या पाहुण्यांना तिनं काल स्वतः फोन करून सगळं सांगितलं. आज ते आलेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांनी उत्तर अजून दिलेलं न्हाई. ते मागायची ही जागा न्हाई. त्यांना आणि तुम्हाला सगळ्यांना मला एवढंच सांगायचं होतं, की ही पोरगी कुणाची लेक आहे.

पारसशेठ, मला माफ करा, असं मी म्हणणार न्हाई. तुम्ही लगेच करून टाकाल आणि मला ते नको आहे. तुम्हाला माझा नमस्कार.

मंडळी, आता आपण दोन मिनिटं उभं राहू. ज्याला उभं राहणं जमत न्हाई, त्यानं बसूनच राहावं. आणि त्याच्या शेजारच्यानं कानाशी जाऊन त्याला विचारावं, काय होतंय म्हणून. मौन मोडलं तरी चालंल.