ताडीच्या फ्रीजरला नळ

पितळी नळ. उसनं आणलेलं ड्रिल मशीन. लेक अंजूच्या साखरपुड्याचे पेढे. टोकावड्याच्या एसटी थांब्यावर भगीरथच्या मांडीवर एवढं होतं. शेजारी फ्रीज दुरुस्त करणारा साईनाथ.

"आइस्क्रीमवाल्याचा जुना फ्रीजर घेतला. आत ताडीचा कॅन, बाहेर नळ. उद्या दुपारी व्याही येतील, त्यांना आंबट झालेली कशी पाजू?"

"दादा, बाजूला भोक नका पाडू. पत्र्याच्या आत गॅसची नळी फिरते. झाकणाखाली लाकडी चौकट बसवा, नळ तिच्यात."

"नळीला लागलं तर?"

"गॅस निघून जातो. मंग ती गोधड्या ठेवायची पेटी."

"आवाज येतो का रे?"

"फुस्स करून येतो. का?"

"नाय, इचारलं आपलं. व्याह्यांना सकाळीच बोलावतो. ताडी झाडावरनं उतरली का लगेच."

भोक त्याने काल पाडलं होतं.